तांबड्या झेंड्याला नारळ

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज सुविचार नाही. सकाळी आपल्या रायफल क्लबात काय झालं ते वाचा.

गोळीबाराआधी आम्ही नेहमीसारखा टेकडीवर तांबडा झेंडा लावला. म्हणजे इकडे फिरकू नका. मी नेम धरला, तोच झेंड्याजवळ लुगडं हललं.

"थांबा!" मी ओरडलो. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या.

धावत वर गेलो, तर आपली सखूकाकी. हातात नारळ!

"बोर्लीच्या बाजारातनं येताना झेंडा दिसला. म्हटलं, नवा देव बसवला हाय."

हसू नका. चीनच्या लढाईनंतर क्लबात नाव घालायला झुंबड उडाली, पण नेम धरायला सगळे, पायथ्याशी राखणीला कुणी नाही!

काकीला सगळं समजावलं. तिने शांतपणे तिथल्याच दगडावर नारळ फोडला.

"दर रविवारी मीच बसते खाली. बघते कोण वर जातो ते."

रायफल न मागणारी पहिली सभासद आज मिळाली. खोबरं आम्ही सगळ्यांनी खाल्लं.

आता सांगा, टेकडीच्या पलीकडच्या वाटेवर कोण बसणार? खडू इथेच ठेवलाय.