लटारूभाऊंच्या तोंडून राहिलेली तारीफ

आरमोरीच्या बाजारात बैल घ्यायचा, तर आधी लटारूभाऊंना सोबत घ्यायचं, असा आसपासच्या गावांचा रिवाज होता. भाऊ दात बघायचे, खूर बघायचे, दहा पावलं चालवून बघायचे आणि मुलीचं स्थळ पसंत करावं तशी मान हलवायचे. त्यांच्या स्वतःच्या गोठ्यात मात्र म्हाताऱ्या बैलांची जोडी होती. एक चालू लागला की दुसरा विचारात पडायचा.

भाऊंची नजर एकदाच चुकली. चौपन्न साली शेजारच्या मुखरूनं एक काटकुळा गोऱ्हा पसंत केला. भाऊंनी खूर बघून नाक मुरडलं. मुखरूनं तरीही घेतला, कारण गोऱ्ह्यानं त्याची बाही चाटली होती. कपाळावर चांदणी, म्हणून नाव चांद्या. तीन वर्षांत चांद्या असा भरला, की शंकरपटाच्या शर्यतीत त्याची जोडी धावली की लोक दुपट्टे उडवायचे. भाऊ मैदानाच्या काठाला पाठमोरे उभे राहायचे.

"याले हेवा म्हनतेत," त्यांची बायको गुणाबाई म्हणाली.

भाऊंनी शाळेच्या गुणवंतराव मास्तरांना अर्थ विचारला. मास्तरांनी सांगितलं, दुसऱ्याचं बुडावं असं वाटलं तर तो मत्सर. आपल्याकडेही तसं असावं असं वाटलं तर हेवा, आणि हेवा माणसाला तोंडावर सांगता येतो. भाऊंनी स्वतःला चाचपून पाहिलं. चांद्या लंगडावा असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. म्हणजे हेवाच. सांगायला हरकत नव्हती.

मुखरू रोज संध्याकाळी चांद्याला नदीवरून आणताना मुद्दाम भाऊंच्या दारावरून न्यायचा आणि जरा थांबायचा. भाऊ तंबाखू मळत आभाळाकडे बघायचे. घरात म्हणायचे, हेवा असलेल्यानं तारीफ केली की दृष्ट लागते, मुक्या जनावराले काऊन तरास? गुणाबाईनं स्वतः जाऊन चांद्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. आता बोला म्हणाली. तरी भाऊ गप्पच. दृष्टीचं निमित्त होतं. बोलायचं तर आधी खुरांबद्दल चुकलो, हे बोलावं लागलं असतं.

पोळ्याला बोलू, असं त्यांनी ठरवलं. गर्दीत एक वाक्य खपून जाईल. पोळ्याच्या आठ दिवस आधी चांद्याला धानाच्या बांधीत साप चावला.

तिसऱ्या दिवशी भाऊ मुखरूच्या गोठ्यात गेले. चांद्याची जागा रिकामी होती. मुखरू बिब्ब्याचा दोरा खुंटीला गुंडाळत होता.

"मुखरू, त्याचे खूर लय चांगले होते. मीच चुकलो. हेवा वाटे मले तुहा."

मुखरूनं वर पाहिलं नाही. "साऱ्या गावानं तारीफ केली, भाऊ. पन ज्याले बैल समजते, त्याच्या तोंडून आयकाचं राहून गेलं."

दृष्टीची गोष्ट भाऊंच्या ओठांपर्यंत आली होती. ती त्यांनी गिळली.

त्या पोळ्यापासून भाऊ कुठल्याही बैलाची तारीफ करू लागले. एका एकडोळ्या बैलाची तर नजर तेज आहे म्हणाले. लोक हसले, आणि हळूहळू त्यांना बाजारात न्यायचं बंद झालं. भाऊंनी वाईट वाटून घेतलं नाही. संध्याकाळी ते तंबाखू बाजूला ठेवून दारात बसायचे, रस्त्याकडे बघत.

मुखरू नवा गोऱ्हा घेऊन नदीवरून यायचा, पण मागच्या वाटेनं.