मुलीचा मामा आणि माझा ‘फ्रेंड’

सर्वांत आधी सांगून टाकतो: माझा खोलीतला जोडीदार कधीही दारू पीत नव्हता. कारखान्याच्या वसाहतीतल्या जुन्या लोकांना विचाराल तर ते वेगळं सांगतील. त्याला कारण मी आणि माझा एक इंग्रजी शब्द.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी उसाच्या वजनकाट्यावर कारकून होतो, तो फिटर. चाळीतली एक खोली दोघांत. मला विषमज्वर झाला तेव्हा त्याने पाळी बदलून घेतली, उशाशी बसला आणि भाताची पेज करून घातली. पेज करपली होती, हे मी त्याला अजून ऐकवतो.

त्या सुमारास मला ‘फ्रेंड’ सापडला. आमचे एक साहेब येता-जाता सगळ्यांना ‘माय फ्रेंड’ म्हणायचे. मला ते फार रुबाबदार वाटलं. मग न्हावी फ्रेंड, एसटीचा कंडक्टर फ्रेंड, पानवाला तर बेस्ट फ्रेंड. या शब्दाची गंमत अशी की तो काही मागत नाही. सोबती म्हटलं की बरोबर चालावं लागतं. जोडीदार म्हटलं की ओझ्याचं दुसरं टोक उचलावं लागतं. मैतर म्हटलं की त्याच्या लग्नात कमरेला पंचा बांधून पंगत वाढावी लागते. फ्रेंडला लांबून हात केला तरी भागतं.

जोडीदार म्हणायचा, “आरं, गाढवाला बी फ्रेंड म्हनशील तू. मग मी कोन?”

“तूपण फ्रेंडच.”

“ऱ्हाऊ दे. मी आपला गडीच बरा.”

अशात त्याला सुप्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी त्याने एका लग्नात पाहिलेली. पंगतीत तो नको-नको म्हणत असताना तिने पानात आणखी जिलबी टाकली होती आणि हसली होती. एवढ्यावर हा गडी गार. टेरिकॉटची पँट शिवून आणली आणि मला बजावलं, “चौकशीला कोन आलं तर नीट बोल. लई बोलू नगं.”

आमच्याकडे चौकशीला येणारा माणूस कधी खरं सांगून येत नाही. बैलजोडी बघायला आलोय म्हणतो, चहाच्या हॉटेलात बसतो आणि मुलाचे सोबती कसे आहेत ते बघून जातो. हे मला ठाऊक होतं. तरी कारखान्याच्या फाटकाजवळच्या चाचांच्या हॉटेलात शेजारी बसलेला, नवा फेटा बांधलेला म्हातारा मला खरंच बैल बघणारा वाटला.

मी रंगात होतो. मटक्याचे आकडे घेणारा समोरून गेला. “काय फ्रेंड, आज काय लागणार?” बाहेर वाळूच्या ट्रकचा ड्रायव्हर भरदुपारी झिंगून बाकाखाली आडवा झाला होता. म्हाताऱ्याने विचारलं, “ह्यो कोन?”

“माझा फ्रेंड आहे. रोजचंच आहे त्याचं.”

मग म्हाताऱ्याने सहज विचारल्यासारखं जोडीदाराचं नाव घेतलं. “वळख हाय का?”

“ओळख? अहो, फ्रेंड आहे माझा! एका खोलीत राहतो आम्ही.”

म्हाताऱ्याने बशीतला चहा तसाच ठेवला आणि उठला.

तो गेल्यावर चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, “बाबू, पोरीचा मामा होता तो. जाताना विचारत होता, त्या बाकाखालच्याची नि आपल्या पोराची बैठक एकच का म्हणून. मी नाही म्हटलं, पण त्याने तुझंच खरं धरलं.”

पुढच्या आठवड्यात पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पाठोपाठ नात्यागोत्यातून कुजबुज: मुलगा पिणाऱ्यांच्या संगतीतला. ती वसाहतीत पोचेपर्यंत ‘मुलगा पितो’ झाली होती. ती पँट कित्येक दिवस खुंटीला तशीच लटकत होती. मी त्याला म्हणालो, “पत्रिकेचं काही सांगता येत नाही बाबा.” चाचांनाही गप्प राहायला लावलं. नगरला गाडी बदलून सुप्याला जायचं, मामाच्या ओट्यावर बसायचं, चूक माझ्या तोंडाची होती म्हणायचं. एवढंच काम होतं. हसं होईल म्हणून मी गेलो नाही.

वर्षभराने कोपरगावकडची मुलगी त्याला मिळाली. संसार झकास झाला. दारूचा डाग मात्र त्याच्या पोरांच्या सोयरिकीपर्यंत पुरला. दर वेळी कुणीतरी ‘वडील घेतात म्हणे’ असं विचारायचंच.

गेल्या महिन्यात श्रीरामपूरला त्याच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. वहिनी चहा घेऊन दारातच थबकल्या होत्या.

“म्हंजे भावजी, तुमचं इंग्रजी नसतं तर मी सुटले असते की!”

मी हसलो. तो हसला नाही. बशीत चहा ओतून फुंकू लागला.

“सुप्याला यष्टी हुती की रं,” तो म्हणाला.

मी हे सगळं लिहून काढतो, असं म्हणालो.

“लिही. पन दारूचं पयल्या वळीत घाल. नातवंडं पुढचं वाचत न्हाईत.”

घातलं आहे.