आल्फामाचा नकाशा, मुक्काम न्यूअर्क

"ह्यात उत्तर दिशा कुठे आहे?" वॉल्टरने विचारलं.

वॉल्टर माझा बॉस. त्याने माझ्या लाइट टेबलवर, म्हणजे खालून उजेड असलेल्या काचेच्या टेबलवर, एक कागद आणून ठेवला होता. कागदावर बॉलपेनने काढलेल्या वाकड्यातिकड्या रेषा, बाण, पायऱ्यांच्या खुणा आणि 'निळं दार', 'इथली वाइन चांगली', 'इथून डावीकडे, बहुतेक' असे शेरे. उत्तरेचा बाण कुठेच नव्हता. मी कागद चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग हा नकाशा तू काढणार कसा?"

"तेही माहीत नाही."

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीत मी नकाशे काढायची. मूळची सावंतवाडीची, पुण्यात भूगोलात एम.ए. केलं आणि लग्न करून पार्सिपनीला आले. आमच्या मराठी मंडळींत बाकी सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. गणपतीला भेटलेल्या एखाद्या काकू विचारायच्या, "तू काय करतेस गं?" मी म्हणायची, "नकाशे काढते." त्या म्हणायच्या, "म्हणजे अजून शिकतेयस का?" पुढे पुढे मी नुसतंच 'ऑफिसात आहे' असं सांगायला लागले.

आमचं मुख्य काम गाइडबुकांचं. त्या वर्षी लिस्बन शहराचं पुस्तक आलं होतं. तिथले बार, रेस्टॉरंट्स, निरनिराळ्या वस्त्या, आणि कुठे काय खावं, कुठे कधी जावं ह्याच्या स्थानिक लोकांनी दिलेल्या टिपा. शहराचा बहुतेक भाग सोपा होता. आमच्याकडे चांगला बेस मॅप होता, म्हणजे ज्याच्यावरून आपला नकाशा बेतायचा तो मूळ नकाशा. रस्ते सरळ, नावं छापलेली. अडचण होती ती आल्फामाची. किल्ल्याच्या टेकडीपासून खाली नदीपर्यंत उतरत गेलेली ही जुनी वस्ती. हातगाडीही जाणार नाही अशा गल्ल्या, मध्येच पायऱ्या, मध्येच एखाद्याच्या न्हाणीघराशी संपणारा रस्ता. बेस मॅपवर तिथे नुसता एक राखाडी डाग होता.

पुस्तकातलं सगळ्यात लांबलचक प्रकरण नेमकं ह्याच वस्तीवर होतं. लेखकाचं नाव ग्रेडी. त्याने मजकूर दिला, तो बॉलपेनचा कागद दिला आणि पुढच्या पुस्तकासाठी दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत निघून गेला. तो परत येईपर्यंत पुस्तक छापून झालेलं असणार होतं. आता मुलांना सांगावं लागतं की तेव्हा माणूस गेला म्हणजे गेला, फोन त्याच्या खिशात नसायचा.

"आल्फामाचा नकाशा काढून टाक," वॉल्टर म्हणाला. "नुसता मजकूर जाऊ दे."

"मजकुरात लिहिलंय, 'निळ्या दारानंतर डावीकडे वळा.' नकाशाशिवाय लोक हरवतील."

"चुकीच्या नकाशाने जास्त हरवतील."

वॉल्टरचा एक नियम होता. नकाशावर कुठलीही गोष्ट टाकायची तर तिला दोन आधार हवेत, आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एकाने सांगितलं आणि दुसऱ्याने त्याचंच ऐकून सांगितलं तर तो एकच आधार. त्याने मला तीन आठवड्यांची मुदत दिली.

लिस्बनची माणसं कुठे भेटतील हे मला ठाऊक होतं, ते पावामुळे. अमेरिकन ब्रेड गोड आणि मऊ, त्याच्याबरोबर उसळ खाववत नाही. न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागात पोर्तुगीज लोकांची मोठी वस्ती आहे, आणि तिथल्या बेकऱ्यांत मिळतो तो पाव आपल्या पावाच्या फार जवळचा. मिसळीचा बेत असला की मी आणि श्रीकांत, माझा नवरा, शनिवारी ड्राइव्ह करून तिथे जायचो. बेकरीची मालकीण लुर्दिस मला तोंडओळखीने ओळखायची. त्या शनिवारी पाव घेऊन झाल्यावर मी काउंटरवर ग्रेडीचा कागद पसरला.

तिने चष्मा लावला, काढला. "मी उत्तरेकडची. हे मला कळणार नाही," ती म्हणाली. "समोर आबिलियोकडे चल. तो आल्फामात जन्मला."

काउंटर मुलीवर सोपवून ती आम्हाला घेऊन रस्ता ओलांडून गेली. आबिलियोचं रेस्टॉरंट दुपारच्या जेवणानंतर रिकामं झालं होतं. तो नुकतीच चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस, खांद्यावर टॉवेल टाकून ग्लास पुसत होता.

"इंडियन?" त्याने विचारलं. "गोवा?"

"गोव्याच्या शेजारी. सावंतवाडी."

"मग काय खाणार? बटाटा?"

मला वाटलं, ह्याला मराठी येतं. तो पोर्तुगीजच बोलत होता. आम्ही दोघं हसलो. मग श्रीकांतने खिशातून चावी काढून दाखवली, आबिलियो म्हणाला, "शावी." त्याने भिंतीशी ठेवलेल्या वाइनच्या पिंपावर हात मारला, "पीपा." मी म्हटलं, "पिंप." साबणापर्यंत पोचलो तोवर आमची बरीच ओळख झाली होती.

त्याने कागद पाहिला आणि क्षणात उलटा फिरवला.

"हा माणूस वरून, ट्रामच्या स्टॉपवरून खाली उतरलाय. जे पुढे दिसलं ते त्याने कागदावर वर काढलं. म्हणजे नदी वर आली. तुमची उत्तर दिशा खाली आहे."

मी तिथेच पेन्सिलीने खाली बाण काढला. सगळे शेरे एकदम जागेवर बसल्यासारखे झाले.

मग आबिलियो थांबेना. टेबलांवर कागदाचं टेबलक्लॉथ अंथरलेलं होतं. त्याने खाण्याच्या बश्या बाजूला सारल्या आणि त्याच्यावरच गल्ल्या काढायला लागला. इथे टास्का. टास्का म्हणजे चार टेबलांची खानावळ, जिथे वाइन बाटलीतून नाही, पिंपातून देतात. इथे सार्डिन मासे भाजतात, पण ते जूनमध्येच खायचे, एरवी मागितले तर तुम्ही परके आहात हे कळतं. इथे एक माणूस चेरीची दारू छोट्या ग्लासात देतो, बी पाहिजे की नको तेवढंच विचारतो. इथे दाराजवळ बसू नका, वरच्या बाल्कनीतले कपडे गळतात. आणि ह्या कोपऱ्यावर मांजरीचं दुकान.

"हे खरं नाव?"

"पाटीवर दुसरं काहीतरी होतं. काउंटरवर मांजर झोपायची. माझे वडील रोज संध्याकाळी तिथे असायचे. आई मला पाठवायची, जा, मांजरीच्या दुकानातून बाबांना घेऊन ये."

श्रीकांत शाकाहारी, त्याच्यापुढे कोबीचं सूप आलं. मी तो चेरीचा ग्लास घेतला. बी घालून. निघताना आबिलियोने टेबलक्लॉथ फाडून गुंडाळी करून माझ्या हातात दिलं.

सोमवारी मी ते वॉल्टरसमोर उलगडलं. तो बराच वेळ त्याच्यावर वाकून पाहत राहिला. म्हणाला, "सुंदर आहे. हा माणूस तिथून कधी निघाला?"

"चौसष्ट साली."

"मग हा चौसष्ट सालचा नकाशा आहे. आपलं पुस्तक आत्ताचं आहे."

गल्ल्या हलत नाहीत, त्या ठेवायला त्याची हरकत नव्हती. पण दुकानं हलतात. ती आज तिथे आहेत असं सांगणारं कुणीतरी हवं होतं.

मी आबिलियोला फोन केला. अजून कुणी तिकडे राहतं का, म्हणून विचारलं.

"बहीण आहे," तो म्हणाला. "तिला विचारायचं नाही." आणि फोन ठेवला.

कारण मला लुर्दिसने सांगितलं. त्या काळात पोर्तुगालची आफ्रिकेत लढाई चालू होती. तरुण मुलांना सक्तीने तिकडे पाठवत. आबिलियो बोलावणं येण्याआधी पळाला. नंतर परत गेला असता तर पकडला गेला असता. दरम्यान आई वारली. पुढे तिकडचं सरकार बदललं, रस्ता मोकळा झाला, पण तेव्हाही तो गेला नाही. आईचं सगळं बहिणीने, ग्रासाने, एकटीने केलं होतं. तिने एकदा कुणाकडून निरोप पाठवला की आता येऊन काय करणार. तेव्हापासून बोलणं नाही.

हे ऐकल्यावर मी विषय सोडून दिला. दुसरा काही मार्ग नव्हता, म्हणून आबिलियोने काढलेल्यांपैकी ग्रेडीच्या मजकुरातही होती तेवढीच दुकानं ठेवून नकाशा स्क्राइब करायला घेतला. स्क्राइबिंग म्हणजे पारदर्शक शीटवर रंगाचा पातळ थर असतो, तो सुईने खरवडायचा. खरवडलेल्या रेषेतून उजेड जातो आणि तीच रेष पुढे छपाईच्या प्लेटवर उतरते. हात थरथरला की गल्ली थरथरते. काम झाल्यावर मी एक प्रूफ काढलं आणि पुढच्या शनिवारी आबिलियोला दाखवायला नेलं. गल्ल्यांचं श्रेय त्याचं होतं, त्याने ते पाहावं एवढाच हेतू होता.

त्याने प्रूफ खिडकीशी धरलं. बोट एका गल्लीवरून खाली सरकत कोपऱ्यावर थांबलं.

"इथे काहीच नाही."

"तिथे आता काय आहे ते मला माहीत नाही. माहीत नसेल तर आम्ही रिकामं सोडतो."

त्याने प्रूफ काउंटरवर ठेवलं. आत गेला, बाहेर आला. मग लुर्दिसला बोलावून आणलं आणि काउंटरवरचा फोन तिच्यापुढे सरकवला. कुणा नातेवाइकाने कधीतरी दिलेला नंबर त्याला पाठ होता.

"तू बोल," तो लुर्दिसला म्हणाला. "माझं नाव घेऊ नकोस. ह्या बाईंना नकाशासाठी हवंय असं सांग."

लुर्दिस बोलायला लागली. मधेमधे रिसीव्हरवर हात ठेवून ती मला इंग्लिशमध्ये सांगत होती. अमेरिकेतून बोलतेय म्हटल्यावर ग्रासाला आधी वाटलं, ही काहीतरी विकायला बघतेय. नकाशा म्हटल्यावर ती हसली. मग लुर्दिसने विचारलं, "तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं मांजरीचं दुकान अजून चालू आहे का?"

पलीकडून काहीच आवाज आला नाही. लुर्दिसला वाटलं लाइन तुटली. ती 'हॅलो, हॅलो' करत राहिली. मग ऐकता ऐकता तिने माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ती म्हणतेय, त्या जागेला मांजरीचं दुकान फक्त आमच्या घरात म्हणायचे."

आबिलियो ग्लास पुसायचं नाटक करत पाठमोरा उभा होता. लुर्दिसने त्याच्या बाहीला धरून रिसीव्हर त्याच्या कानाशी लावला.

मी आणि श्रीकांत बाहेर फुटपाथवर जाऊन थांबलो. काचेतून दिसत होतं. तो आधी नुसता ऐकत होता. मग खुर्ची ओढून बसला आणि टॉवेल तोंडाशी धरला. बऱ्याच वेळाने त्याने हात हलवून आम्हाला आत बोलावलं. डोळे लाल होते. फोन चालूच होता.

"प्रूफ काढा," तो म्हणाला. "ग्रासा सांगतेय."

ग्रासा त्याच गल्ल्यांत रोज बाजाराला जात होती. आबिलियोने आधी आपली सगळी जुनी दुकानं मला प्रूफवर लाल पेन्सिलीने लिहायला लावली, मग तो ग्रासाला एकेक नाव विचारत गेला. सार्डिनवाला आहे, ठेवा. चेरीवाला आहे, मुलगा चालवतो, ठेवा. कपडे गळणारं दुकान बंद, काढा. हेही बंद, काढा. "हे?" त्याने विचारलं, ऐकलं, आणि मला म्हणाला, "काढा." प्रत्येक 'काढा'ला त्याचा आवाज थोडा खाली जात होता. मी आयुष्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या आहेत, पण त्या दुपारी पेन्सिल जड झाली होती. मांजरीच्या दुकानात आता दिवे विकत होते. तेही काढलं. त्याच्या बदल्यात ग्रासाने पायऱ्यांखाली नव्याने निघालेली एक खानावळ सांगितली आणि बजावलं की तिथे अर्धीच प्लेट मागवा, पूर्ण प्लेट दोघांना पुरते.

आठवड्याभराने वॉल्टरने विचारलं, "दुसरा आधार?"

"ग्रेडीने पाहिलेलं आणि ग्रासाने सांगितलेलं जुळतं. जिथे एकटी ग्रासा आहे, तिथे मी लायब्ररीतून लिस्बनची टेलिफोन डिरेक्टरी मागवून पत्ता ताडून पाहिलाय."

त्याने सही केली. अर्ध्या प्लेटची टीप त्याने स्वतः संपादकाला फोन करून मजकुरात घालायला लावली. टेबलक्लॉथ मात्र मला परत मिळालं नाही. ते त्याने फ्रेम करून आपल्या केबिनमध्ये लावलं, रिटायर झाला तेव्हा घरी नेलं.

आता त्या कामातलं काही उरलेलं नाही. कॉम्प्युटर आले, लाइट टेबलं गेली. माझ्या स्क्राइबिंगच्या सुया बेसमेंटमध्ये बिस्किटांच्या डब्यात आहेत. आबिलियोचं रेस्टॉरंट दुसऱ्या कुणीतरी घेतलं, लुर्दिसची बेकरी तिची मुलगी चालवते. शनिवारी दुपारी तो रस्ता आठवतो. पावाचा वास, कागदी टेबलक्लॉथ, आणि इंग्लिशमध्ये अडलो की सावंतवाडीच्या शब्दांनी भागवणारे आम्ही.

पुस्तक छापून आल्यावर पुढच्या जूनमध्ये आबिलियो लिस्बनला गेला. परत आल्यावर मी भेटायला गेले. आईच्या थडग्यावर दोघं भावंडं गेली होती, ते त्याने आधी सांगितलं. ग्रासाने त्याला महिनाभर पोटभर खाऊ घातलं आणि पोटभर बोलूनही घेतलं.

"आणि नकाशा?" मी विचारलं. "बरोबर होता?"

"एकदम बरोबर. पण पहिल्याच संध्याकाळी मी हरवलो."

"बरोबर नेला नव्हता?"

"खिशात होता. माझ्याच गल्लीत मी नकाशा उघडून उभा राहू? आठवत होतं तसा चालत गेलो आणि कुणाच्या तरी अंगणात निघालो. शेवटी एका अमेरिकन जोडप्याने घर दाखवलं. त्यांच्या हातात तुमचं पुस्तक होतं."

मी पुढे वीस-बावीस वर्षं हेच काम केलं. नव्या ट्रेनींना पहिल्या दिवशी सांगायची, नकाशा अनोळखी माणसासाठी काढा. गाव ओळखीचं आहे असं ज्याला वाटतं, तो काही केल्या नकाशा खिशातून बाहेर काढत नाही.