आईच्या नावातलं एक अक्षर

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण ही एक फिर्याद मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून राऊंडला निघणार, तोच ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे एक मुलगी दिसली. बारावी झालेली, जवळच्या तांड्यावरची. आई फाटकाबाहेरच थांबली होती. तांड्यावरची जुनी माणसं पोलीस ठाण्याची पायरी सहसा चढत नाहीत. त्याला कारणंही जुनी आहेत. अंमलदार मुलीला समजावत होता की ही कॉलेजची बाब आहे, तिकडेच विचार. ती हलेना. मी तिला आत बोलावलं.

ती म्हणाली, "साहेब, फॉर्म माझाच हाय, पण त्यातलं कॉलेज म्या भरलेलं न्हाई."

नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिने आखाडा बाळापूरच्या एका संगणक केंद्रातून ऑनलाइन अर्ज भरला होता. पहिली पसंती सरकारी कॉलेज. नंतर मावसभावाच्या मोबाईलवर पाहिलं, तर तिथे लांबच्या जिल्ह्यातलं कुठलंसं खाजगी कॉलेज आलेलं. त्याच दिवशी एकाचा फोन आला की तुझा प्रवेश आमच्याकडे पक्का झाला आहे, मूळ कागदपत्रं घेऊन ये. पसंती बदलण्याची मुदत संपत आली होती. ती संपली असती, तर मुलीचं वर्ष गेलं असतं.

मग तिने जे सांगितलं, त्यावर अख्खा तपास उभा राहिला. अर्ज भरल्यानंतर पसंती टाकायला ती पुन्हा केंद्रात गेली, तेव्हा साइटने पासवर्डसोबत आईचं नावही विचारलं. घाईत त्यातलं शेवटचं अक्षर राहून गेलं. लगेच 'पुन्हा प्रयत्न करा' असं आलं आणि दुसऱ्यांदा उघडलेल्या पानावर आईचं नाव कुणी विचारलंच नाही. अर्जात तर ते आधीपासून बरोबर होतं. तरी फोनवरचा माणूस आईचं नाव घेताना तेच अक्षर गाळत होता.

"मंग त्याला माझी चूक कशी काय ठावं, साहेब?"

मी गुन्हा नोंदवून घ्यायला सांगितलं आणि हिंगोलीहून सायबरच्या महिला हवालदाराला बोलावून घेतलं. दोन पंच घेऊन आम्ही केंद्रात गेलो. हवालदार बाईंनी तिथल्या संगणकावर प्रवेशाच्या साइटचा पत्ता अचूक टाइप केला. पान उघडलं, अगदी सरकारी, बोधचिन्हासकट. वर कुलपाचं चित्रही होतं. पण पत्त्यात एक अक्षर जास्तीचं आलेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर तोच पत्ता टाकला, तर खरी साइट उघडली. ब्राउझर कित्येक दिवसांत अपडेट केलेला नव्हता आणि त्यात एक जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, बसवलेली होती. वरवर ती फाइली लहान करायची. आतून मात्र प्रवेशाची साइट उघडली की माणसाला नकली पानावर नेऊन सोडायची. तिथे भरलेली माहिती चोराकडे जायची आणि 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणून खरं पान उघडायचं. पंचनामा करून संगणक जप्त केले.

पहिला संशय अर्थातच केंद्रचालकावर होता. ठाण्यात बसवल्यावर त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. त्याने विचारलं, "साहेब, माझ्या इथून अजून किती लेकरं फसली असतील?" ज्याच्या मनात पाप असतं, तो आधी आपलं काय होणार ते विचारतो, हे मी अनुभवाने शिकलो होतो. त्याच्याकडूनच कळलं की ती जोडणी संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाने फुकट बसवून दिली होती.

त्या माणसाला आम्ही वसमतहून आणलं. माणूस गोड बोलणारा. अशी कुणी मुलगी आपल्याला माहीतच नाही, हे तो शांतपणे सांगत राहिला. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला, इकडचं तिकडचं बोललो आणि मध्येच मुलीच्या आईचं नाव घेतलं, पूर्ण आणि बरोबर.

तो सहज म्हणाला, "तसं नाव न्हाई हो त्या बाईचं..." आणि थांबला.

त्याने कप खाली ठेवला आणि सगळं सांगायला लागला.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, म्हणून त्याचा लॅपटॉप जप्त केला. त्यात बऱ्याच मुलींची माहिती निघाली, आईच्या त्या अर्धवट नावासकट. फोन हाच करायचा. त्या कॉलेजसाठी मुली गोळा करणारा दलाल पुढे दुसऱ्या जिल्ह्यात सापडला.

प्रवेशाच्या कार्यालयाला आम्ही तातडीने कळवलं. केंद्रचालक आणि ही मुलगी मोटारसायकलवर गावोगाव फिरले, अगदी कुरुंद्यापर्यंत, आणि मुलींना पासवर्ड बदलायला लावले. मुदतीच्या आत पसंत्या दुरुस्त झाल्या. एकीने मात्र मूळ कागदपत्रं आधीच देऊन टाकली होती. ती परत मिळवताना आमचा घाम निघाला. आमच्या फिर्यादी मुलीला सरकारी कॉलेज मिळालं.

त्या तपासाने मला पुष्कळ शिकवलं. कुलपाचं चित्र एवढंच सांगतं की आपण पाठवलेलं वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. ब्राउझर अपडेट ठेवावा, फुकटची जोडणी घेऊ नये, पान उघडल्यावर पत्ता अक्षर अन् अक्षर वाचावा. हे मी आजही भेटेल त्याला सांगतो.

पण मनात राहिली आहे ती कृतज्ञता. हवालदार बाईंबद्दलची, ज्याच्यावर मी संशय घेतला त्या केंद्रचालकाबद्दलची आणि सगळ्यात जास्त त्या मुलीबद्दलची. फसलेली माणसं लाजेने गप्प बसतात. ती बसली नाही. अंमलदाराने वाटेला लावू पाहिलं तरी ती गेली नाही.

पुढे त्या तांड्यावरच्या बाया ठाण्यात येऊ लागल्या. मोबाईल पुढे करून म्हणायच्या, "साहेब, हे खरं हाय का, जरा बघा बरं." मी हातातलं काम ठेवून बघायचो. पोलीस नेहमी गुन्हा घडून गेल्यावर पोचतो. माझ्या अख्ख्या नोकरीत लोक काही घडण्याआधी माझ्याकडे आले, ते त्या मुलीमुळे.