भिंतीपर्यंतची वाफ

सरकारी इस्पितळात तिला सगळे वाफवाली म्हणत. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कापडं धुऊन डब्यांत भरायची आणि मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर निर्जंतुक करून द्यायची, हे तिचं काम. बाई बोलघेवडी. "माझ्या खोलीत जंतूंना थारा नाही, तिथे साहेबांची काय टाप!" म्हणून सगळ्यांना हसवायची.

तिचा थोरला भाऊ सुतार. वडील गेल्यावर त्यानेच तिला लहानाची मोठी केली होती. त्याच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा सर्जन म्हणाले, "साधं ऑपरेशन आहे, लगेच घरी जाल." वाफवालीने वहिनीला धीर दिला, "मी आहे ना तिथे! काळजी कसली करतेस?" हे वाक्य पुढे तिच्याच अंगाशी आलं.

कारण त्याच सुमारास इस्पितळाने वाफेचे जुने पाइप बदलायला काढले. पाइप सडलेच होते, जागोजागी फुसफुसत होते, त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. ठेकेदाराने बॉयलरपासून तिच्या खोलीपर्यंत अंगण उकरलं, जुने पाइप उपटले, नवे निम्म्यापर्यंत टाकले आणि एके सकाळी त्याची माणसं आलीच नाहीत. त्याचं इस्पितळाच्या कार्यालयाशी फाटलं होतं. मग दुसरा ठेकेदार आला. त्याने चरात वाकून पाहिलं नि कानांवर हात ठेवले. "हे जोड माझे नाहीत. उद्या फुटले तर माझ्या गळ्यात?"

इस्पितळाकडे विजेवरचं एक लहानसं यंत्र होतं. त्यात जेमतेम बाळंतपणाची आणि अपघाताची हत्यारं व्हायची. बाकीची ऑपरेशनं पुढे ढकलली गेली. दादाचंही ढकललं, मग पुन्हा ढकललं.

वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, तुम्ही आतल्या ना? एक शब्द टाका की."

"कुणाकडे टाकू गं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आड भरलाय, बॉयलर धगधगतोय, आणि माझा पोहरा कोरडा!"

पण वहिनीला हसू आलं नाही.

वाफवाली इस्पितळाच्या इंजिनिअरकडे गेली. "काम सुरू आहे," ते म्हणाले. खिडकीबाहेरच्या चरात कुत्रं निजलं होतं. बऱ्याच खेपा झाल्या, तेव्हा कुठे तो दुसरा ठेकेदार तयार झाला आणि वेल्डिंगच्या ठिणग्या दिसल्या. पाइप तिच्या खोलीच्या भिंतीला येऊन टेकला आणि थांबला. ती ठेकेदाराच्या मुकादमाकडे धावली.

"मुकादम, आता एवढं आत घ्या ना. हातभर तर राहिलंय."

"बाई, माझं काम भिंतीपर्यंत. आतलं दुसऱ्याकडे."

"कोण तो दुसरा?"

"अजून ठरायचाय."

ती खोलीत परतली आणि ऑटोक्लेव्हच्या थंडगार दारावर हात ठेवून उभी राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात दादा कळा येऊन कोसळला. आता तो तातडीचा रुग्ण होता, म्हणून आता त्याचा नंबर लागला. लहान यंत्रातून त्याच्या ऑपरेशनच्या हत्यारांचा डबा तिनेच काढून दिला. नर्स तो घेऊन आत गेली.

बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "आत पू पसरला होता. जगतील. पण वेळेवर झालं असतं तर..."

दादा जगला, पण पोटावर लांबलचक जखम घेऊन. ती नीट भरली नाही, आणि रंधा जोरात ओढायची ताकद त्याच्यात राहिली नाही. घरी बसून तो खेळण्यातल्या गाड्या करू लागला. बहिणीला तो एक शब्द लागेलसा बोलला नाही. उलट म्हणाला, "अगं, तू तरी काय करणार होतीस?" वहिनी मात्र तिला आता पाहुण्यासारखी पाट-पाणी करायची, आग्रहाने वाढायची, आणि मनातलं काहीच बोलायची नाही.

पुढे तिसरा ठेकेदार आला आणि त्याने तो हातभर पाइप एका दुपारात जोडून दिला. वाफ आली. ऑटोक्लेव्हचा काटा चढला, ऑपरेशन थिएटरमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "वाफवाली, आज एखादा विनोद होऊन जाऊ दे!"

तिने दार घट्ट आवळलं. "डबे फार साचलेत," म्हणाली, आणि कामाला लागली.