तिच्या नावाची पाटी

मला जिचा इतका मत्सर वाटला, ती बाई मरून कित्येक वर्षं झाली आहेत. मूकपटांच्या काळात ती हॉलीवूडमध्ये फिल्म कापायची आणि जोडायची. हे काम म्हणजे शिवणकामच, बायकांना जमेल, म्हणून तिला तिथे बसवलं होतं. पुढे तिच्यावाचून दिग्दर्शकांचं पान हलेना आणि पडद्यावर तिचं नाव झळकू लागलं.

मलाही बाई म्हणूनच बसवलं होतं. इथे आखातात, अल बर्शा भागातल्या आमच्या स्टुडिओत जाहिराती होतात आणि लग्नाच्या फिल्मही. लग्नात बायकांचा हॉल वेगळा, तिथे पुरुषांना मज्जाव; म्हणून त्याचं शूटिंग बाईच करते, एडिटिंगही बाईच. फिल्म घरच्यांच्या हवाली केली की आमच्याकडचं सगळं पुसायचं, आणि शेवटी कुणाचंही नाव घालायचं नाही. माझं सगळ्यात चांगलं काम लोकांच्या कपाटांत कुलूपबंद आहे.

अबुधाबीच्या एका कंपनीला माहितीपटांसाठी एडिटर हवा होता. ती जागा मला हवी म्हणजे हवीच होती. पण नमुना मागितला होता. मी एका जुन्या क्लायंटला फोन केला.

"आपा, तुमच्या फिल्ममधला थोडा भाग द्याल? चेहरे नकोत, नुसते मेंदीचे हात."

"हातपण नको गं! माझ्या सासूच्या बांगड्या अख्खी रत्नागिरी ओळखते. खलास!"

मग चिडून मी त्या अमेरिकन बाईवरच छोटी फिल्म केली. जुने फोटो, कात्रीचा आवाज, मूकपटात असतात तशा पाट्या. दर फोटोला माझा जळफळाट व्हायचा. हिच्याकडे कात्री आणि डिंक, माझ्याकडे दोन दोन मॉनिटर, तरी नाव हिचंच! पण काम मात्र मी मन लावून केलं.

कंपनीत सगळ्या उमेदवारांच्या फिल्म एकत्र पाहिल्या. आमच्याच स्टुडिओतला, गाड्यांच्या जाहिराती करणारा सहकारीही उमेदवारांत होता. माझी फिल्म संपली आणि कंपनीचे साहेब उठूनच बसले.

"व्हॉट अ लेडी! इस पे तो पूरी सीरीज बनेगी, इन्शाल्ला. एडिट किसने किया?"

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. शेवटच्या पाटीवर त्या बाईचं नाव मी मोठ्या अक्षरांत घातलं होतं. माझं घालायचं लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय.

"मैंने, सर."

"अच्छा? नाइस," म्हणाले, आणि पुन्हा तिच्याबद्दलच बोलू लागले.

जागा गाड्यांच्या जाहिराती करणाऱ्याला मिळाली. त्याचं पहिलंच काम त्या बाईवरची सीरीज आहे. आता शेवटच्या पाटीवर दोन नावं येतील, तिचं आणि त्याचं.