राखीव खुर्चीची शिकवणी

दुष्काळ सरला होता, पण रेशनच्या रांगा उरल्या होत्या, त्या वर्षांतली ही हकीकत. सोलापुरात आमचं एक सहकारी ग्राहक भांडार होतं. नऊ संचालक, त्यांतली एक जागा मागासवर्गीयांसाठी राखीव. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून. भांडाराचा संचालक आणि मानद चिटणीस. सभेचं प्रोसिडिंग बुक माझ्याकडे असे आणि माझ्या अक्षराचं कौतुक होई. त्या अक्षराची मला आता किळस येते.

राखीव जागेवर नवे संचालक आले ते आमच्याच गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात काम करणारे, बौद्ध वस्तीत राहणारे, वयानं माझ्याएवढेच. चेअरमन कापडाचे व्यापारी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा मला म्हणाले, "चिटणीस, त्यांना जरा तयार करा. सभेत कसं बसायचं, सही कुठं करायची, एवढं शिकवा की."

मी ते मनावर घेतलं. सहा रविवार ते सकाळी माझ्या घरी येत होते. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यापुढे जुनं बुक ठेवलं. चार पानं उलटून त्यांनी विचारलं, "अनुमोदक म्हंजे काय वो?"

"दुसऱ्यानं मांडलेल्या ठरावाला पाठिंबा देणारा."

"मग आमच्या आदीचे मास्तर लईच पाठिंबा देनारे की! हितं बी तेच, तितं बी तेच."

ते हसले. मला हसू आलं नाही. दुपारी मी मोजदाद केली. तीन वर्षांत त्रेसष्ट ठराव. त्यांपैकी अठ्ठावन्न ठरावांना राखीव जागेवरचे आधीचे संचालक, मास्तर, अनुमोदक. सूचक एकदाही नाहीत. आणि एकवीस ठराव असे, की त्या दिवशी मास्तर सभेला आलेलेच नव्हते. शिपाई बुक घेऊन त्यांच्या घरी जाई आणि सही घेऊन येई. अण्णा सभेआधीच कच्चा मजकूर पाठवत, मी तो पक्का लिहून काढी. अनुमोदक म्हणून कुणाचं तरी नाव लागतंच, तर मास्तरांचं घालावं, म्हणजे तेही कामकाजात दिसतात, असा रिवाज होता. मला तो इतकी वर्षं चांगुलपणाचा वाटत होता.

पुढचे रविवार मी नेटानं शिकवलं. पोटनियम वाचून घेतले. सभेची नोटीस, कोरम, विरोध नोंदवून घेण्याचा हक्क. बायको तांदूळ निवडत बसलेली असे, तिला आम्ही चेअरमन केलं. त्यांनी ठराव मांडला की ती सुपातून मान वर न करता म्हणे, "नामंजूर."

"का वो वैनी?"

"चेअरमनला कारण विचारतात होय?"

त्यांना हवं होतं एकच: भांडाराची शाखा त्यांच्या वस्तीत. बायकांना रेशनसाठी दीड मैल जावं लागे. अर्ध्या दिवसाचं काम बुडवून रांगेत उभं राहायचं आणि माल संपला की रिकाम्या पिशव्या घेऊन परतायचं. त्यांनी घरोघर जाऊन कार्डं मोजली होती, दोनशे एक्केचाळीस. मी भांडाराच्या यादीशी ताडून पाहिलं. दोनशे एक्केचाळीसच होती.

"ठराव सात दिवस आधी लेखी द्या," मी बजावलं. "म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही."

त्यांनी दिला. मी तो नियमाप्रमाणे अण्णांकडे पोचवला. सात दिवस अण्णांना मिळाले ते माझ्या त्या नियमामुळे.

सभेच्या अर्धा तास आधी कच्चा मजकूर माझ्या हातात आला. 'वस्तीतील दोनशे एक्केचाळीस कार्डधारकांची सोय व्हावी म्हणून नवी पेठेत शाखा उघडावी.' सूचक व्हाइस चेअरमन. अनुमोदक म्हणून नव्या संचालकांचं नाव. नवी पेठेतली जागा अण्णांच्या मेव्हण्याची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते स्वतः खाली दारापाशी उभे होते. मी उठून चार पायऱ्या उतरलो असतो तर सांगता आलं असतं. मी शाईची दौत उघडली आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं.

सभेत मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "थांबा. मी अनुमोदन दिल्यालं न्हाय."

"अहो, शाखा तुमच्यासाठीच की," अण्णा म्हणाले. "आकडा तुमचाच घातलाय. आणखी काय पाहिजे?"

"अण्णा, नवी पेठ आमाला आत्ताच्या दुकानापरास लांब हाय."

"गिरणीत आठ तास उभं राहता, मैलभर चालणं जड जातंय होय?" एक जण म्हणाला, आणि टेबलाभोवती हशा पिकला. 

"माजा विरोध बुकात लिवा," ते माझ्याकडे बघत म्हणाले. शिकवल्याप्रमाणे, शब्दाला शब्द.

अण्णांनी हात वर करायला सांगितले. सात हात वर झाले. माझे दोन्ही हात बुकावर होते. मी लिहीत होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, "आठ. लिहा." मी अनुमोदकाच्या जागचं नव्या संचालकांचं नाव खोडलं, त्यांचा विरोध नोंदवला आणि खाली लिहिलं, आठ विरुद्ध एक. एवढ्यावरही मला क्षणभर आपण शूर आहोत असं वाटलं.

रस्त्यावर आल्यावर ते शांतपणे म्हणाले, "साहेब, माजं मत बरोबर लिवलं तुमी. तुमचं चुकलं की."

 ते पुढे म्हणाले, "मला कशाला शिकीवलं? ज्यास्नी शिकवायचं ते वर बसल्यात."

शाखा नवी पेठेत उघडली. अण्णांच्या मेव्हण्याच्या दुकानावर पाटी लागली. वस्तीतली कार्डं नव्या शाखेकडे वर्ग झाली, आणि वस्तीतल्या बायका आता दीडऐवजी दोन मैल चालू लागल्या. नवे संचालक सभेला नियमानं येत, माझ्याशी कामापुरतं बोलत. माझ्या घरी मात्र फिरकले नाहीत.

सभेनंतरच्या तिसऱ्या रविवारी बायकोनं विचारलं, "का हो, ते यायचे बंद झाले?"

"शिकून झालं त्यांचं," मी म्हणालो. तिनं खरं मानलं आणि दोनच कप चहा ठेवला.